मौनवेलीची पाटी

कलमताईच्या हातून गेलेल्या रोपाची पाटी चुकली, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. ती रोपवाटिकेत कलमं बांधते. खुंट एका झाडाचा, काडी दुसऱ्याची. दोन्हींचे काप जुळवून वर पट्टी गुंडाळली की पुढे कितीतरी दिवस त्या रोपाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, की याला उद्या काय लागणार आहे. सांगते ती फक्त पाटी. म्हणून ताईचा नियम, आधी पाटी, मग सुरी. नव्या माणसाने पाटी न लावता कलम बांधलं तर ती रागावत नाही. कलम सोडवते, काडी टाकून देते आणि म्हणते, "आता हे कोण, ते त्याचं त्यालाही माहीत नाही."

मी शाळेत शिकवायचे तेव्हा ती माझ्या वर्गात होती. तेव्हाही तिच्या खोडरबरावर नाव असायचं, आणि खोडरबर झिजलं की ती ते पुन्हा लिहायची. त्यामुळे तिची पाटी जेव्हा खरोखर चुकली, आणि त्या पाटीपायी एका बाईच्या हातून तिने वाढवलेली पोर जायची वेळ आली, तेव्हा ताईचं काय झालं ते मला फार जवळून दिसलं.

पण सुरुवात खेळापासून करायला हवी.

खेळाचं खूळ तिच्या दिराने आणलं. दीर वायरमन आहे, तोंडाचा फटकळ, मनाचा लोण्यासारखा. ताई त्याला भावजी म्हणते म्हणून आम्ही सगळेच भावजी म्हणतो; मी त्याच्या आईच्या वयाची, तरी मीही. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि एक काल्पनिक जग सांगायचं. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक पात्र घ्यायचं, कुणी चोर, कुणी वैदू, कुणी तलवारबाज. सूत्रधार सांगतो समोर काय आहे, आपण सांगतो आपण काय करतो, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. शनिवारी दुपारी रोपवाटिका बंद झाली की कुंड्या भरायच्या शेडमध्ये आम्ही बसायचो. सूत्रधार कलमताई. भावजी चोर. मी म्हातारी चेटकीण, कारण भावजी म्हणाला, "बाई, तुम्हाला वेगळं सोंग काढायला नको." आणि चौथी मावशी.

मावशी म्हणजे बसस्थानकावरची निवेदिका. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगणारा, गावभर ओळखीचा आवाज तिचा. काचेमागे बसून समोरच्या कागदावर असेल ते वाचायचं, की आवाज कसा घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. पण काच नसली आणि समोर अनोळखी चेहरे असले की तोच आवाज घशातून वर येत नसे. दुकानात पिशवी मागायची तरी ती बटणला पुढे करायची.

बटण ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेहुणा अपघातात गेले तेव्हा पोर जेमतेम चालत होती. त्या दिवशी मी तिला कडेवर घेतलं, तर तिने माझ्या स्वेटरचं बटण तोडून तोंडात घातलं. ते बाहेर काढताना मावशीच्या नाकी नऊ आले आणि नाव कायमचं चिकटलं. आता ती तिसरीत होती. शनिवारी शेडमध्ये उलट्या कुंडीवर बसून चित्रं काढायची आणि मध्येच मान वर करून आम्हाला चुका सांगायची.

खेळात मावशी तलवारबाज होती, आणि तिथे तिचा आवाज शेडचे पत्रे हलवायचा.

ताईचं जग म्हणजे एका राक्षसाची बाग. राक्षस झोपलेला, बाग जागी. बागेतली झाडं ताईने एकेक करून रचली होती, आणि कलमं बांधणाऱ्या बाईने रचलेली असल्यामुळे काही घेतल्याशिवाय एकही झाड काही देत नसे. उंबरगवत होतं, घरच्या माणसाच्या पावलाखाली ते आडवं व्हायचं, परक्याचं पाऊल कापायचं, पण एकदा घर सोडून गेलात की तुम्हीही परके. सावलीकंद होता, तो उकरताना आपली सावली त्यावर पडली तर सावली तिथेच राहायची. परतफूल होतं, घरातून गेलेल्या माणसाच्या दिशेने ते वळलेलं राहायचं आणि माणूस परतला की मिटायचं. हे ऐकून बटणने विचारलं होतं, "आणि माणूस परत येणारच नसेल तर?"

ताई थोडा विचार करून म्हणाली, "मग ते बी धरतं." बटणला ते पटलं. ती पुन्हा चित्राकडे वळली.

आणि दोन वेल होते. धीरपर्णीचं पान चावलं की जिभेवर चव असेपर्यंत आवाज कापत नाही. मौनवेलीचं पान चावलं की आपला आवाज वेलीत जातो, आणि वारा पडलेल्या दुपारी तिची पानं त्या आवाजात बोलतात. दिसायला दोन्ही सारखे.

नुसतं तोंडाने सांगून ताईला चैन पडेना, म्हणून तिने बाकावर खऱ्या कुंड्या मांडल्या होत्या. धीरपर्णी म्हणजे खरं तर खाऊच्या पानांचा वेल. एकदा तिने त्याची पानं आम्हाला चहाबरोबर चावायला दिली होती. मौनवेल म्हणजे लोक खिडकीत लावतात तसला शोभेचा वेल. पानं तशीच बदामी आकाराची, पण अंगात खाजरा चीक. "हा तोंडात घालायचा नाही, जीभ सुजते," हे ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दोन्ही कुंड्यांत लाकडी पाट्या होत्या आणि त्यांवर फक्त बागेतली नावं.

मग बटणच्या काकांनी अर्ज केला. काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, दुसऱ्या गावी असतात. घर मोठं, दोन मुलगे, मुलीची हौस. माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगून टाकू दे. गेलेल्या भावाची पोर आपल्या घरात वाढावी, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलांनी कुणाजवळ राहावं ते ठरवणाऱ्या कार्यालयातून मावशीला बोलावणं आलं. अधिकारीबाई दोन्ही बाजूंना विचारणार होत्या. म्हणजे मावशीला बोलावं लागणार होतं. काचेशिवाय.

त्या सुनावणीच्या आधीच्या शनिवारी शेडमध्ये काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. चहाच्या वेळी मावशी बटणचे रंगाचे हात धुवायला बाहेर गेली होती. मी चहा गाळत होते. भावजी ताईच्या कानाशी वाकून म्हणाला, "वहिनी, चोर धीरपर्णी आणि मौनवेलीच्या पाट्या बदलतोय. कुणाला कळता कामा नये." चोराची गुपचूप चाल सूत्रधाराशिवाय कुणाला सांगायची नाही, हा आमच्या बाकावरचा नियम. फासे पडले, चाल जमली, आणि भावजीने खरोखरच दोन्ही पाट्या उपटून एकमेकींच्या जागी खोचल्या.

संध्याकाळी शेड आवरताना ताईचा हात त्या पाट्यांकडे गेला होता. वाटिकेत दुसरीकडे कुठेही असतं तर तिने पाटी क्षणभरही चुकीच्या जागी राहू दिली नसती. पण पाट्या परत केल्या तर चोराची चाल वाया जाणार. खेळात तलवारबाजाने पाटी वाचून पान तोडलं होतं, आणि पुढच्या शनिवारी खेळ तिथूनच सुरू व्हायचा होता. तोपर्यंत या बाकाकडे कोण येतंय, असं म्हणून तिने हात मागे घेतला आणि दार ओढून घेतलं.

मावशी आली. सुनावणीच्या सकाळी, बटणला शाळेत सोडून. वाटिकेचं फाटक उघडं होतं, ताई मागच्या वाफ्यांवर पाणी देत होती. झाडाकडे बघायची मावशीला सवयच नाही. तिचं सगळं आयुष्य समोर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवण्यात गेलंय. तिने पाटी वाचली, पान तोडलं, रुमालात गुंडाळलं.

कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. समोरच्या बाकावर काका आणि काकू. काकांच्या मांडीवर बटणसाठी आणलेली रंगांची पेटी होती. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. आतून शिपाई एकेक नाव पुकारत होता. मावशीने पर्समधून रुमाल काढला.

"हसू नका हं, बाई."

"नाही हसत. काय आहे?"

"धीरपर्णी." ती लाजली. "मला ठाऊक आहे, साधं खायचं पान आहे ते. पण तोंडात काहीतरी असलं म्हणजे..."

"खा गं. मी परीक्षेला जाणाऱ्या मुलांना गोळ्या वाटायचे. त्यांत तरी काय होतं?"

तिने पान चावलं. चेहरा जरा वाकडा झाला. थोड्या वेळाने तिने हात गळ्याशी नेला. मला वाटलं, भीती. तिच्या भीतीचा हात नेहमी तिथेच जातो. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले. मग ती माझ्याकडे वळली. खालचा ओठ फुगलेला, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून शब्दाच्या जागी नुसता ओला आवाज. भीतीने ओठ सुजत नाही, एवढं मलाही समजतं. मी तिला नळाकडे नेऊन तोंडातलं थुंकायला लावलं आणि तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, हिने धीरपर्णीचं पान खाल्लंय. त्याने तोंड भाजतं का?"

पलीकडे नळीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"कुठून घेतलं?"

"तुझ्याच बाकावरून. पाटी बघून घेतलं."

"बाई, नीट ऐका. गार पाण्याने चुळा भरायला लावा, पुन्हा पुन्हा. गिळू देऊ नका. श्वासाकडे लक्ष ठेवा. जरा घरघर वाटली तर आत कुणाचं का नाव पुकारेनात, सरळ दवाखाना गाठा. मी निघाले."

"पण ते पान कसलं होतं?"

"मौनवेलीचं," ताई म्हणाली.

दवाखाना कार्यालयाच्या मागच्या गल्लीत होता. मी मावशीचा दंड धरला. "चल, आधी दाखवून येऊ." तिने मान हलवली आणि व्हरांड्यातल्या बाकाकडे बोट दाखवलं. तिचं नाव पुकारलं आणि ती नसली, तर काय समजतील? मी म्हटलं, "अगं, जीव महत्त्वाचा की नाव?" ती परत जाऊन बाकावर बसली आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी तिच्या तोंडाशी कान नेऊन बसले. श्वास येत होता, जरा जड, पण स्वच्छ. शिपायाने आणखी एक नाव पुकारलं. ते आमचं नव्हतं. काकू काकांना काहीतरी म्हणाल्या आणि दोघांनीही आमच्याकडे पाहिलं.

भावजीच्या स्कूटरवर मागे बसून ताई आली. मांडीवर दोन्ही कुंड्या, नखांत माती. तिने आधी मावशीचा जबडा धरून तोंडात पाहिलं, मग नाडी, मग पुन्हा तोंडात.

"चाल माझी होती," भावजी म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "मावशे, मला चार शिव्या घाल. घालता येत नाहीत ना? नंतर घाल."

"आत काय सांगायचं?" मी हळूच विचारलं. "अंगावर काहीतरी उठलंय, तब्येत बरी नाही, एवढंच म्हणू."

"कशाने उठलं, असं विचारतील," ताई म्हणाली.

"जादूचं पान खाल्लं म्हणून सांगणार का? पोर सांभाळणारी बाई राक्षसाच्या बागेत खेळते आणि विषारी पानं चावते, असं? वहिनी, काकांना तेवढंच हवंय."

मावशीने ताईचं मनगट पकडलं. नको, असा त्या पकडीचा अर्थ होता, तो सांगायला आवाज लागत नव्हता. तेवढ्यात शिपायाने नाव पुकारलं.

खोली लहान होती. टेबल, पंखा, भिंतीला टेकवलेली कपाटं. अधिकारीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवलेला होता. त्यांनी मावशीला विचारलं, "मुलगी तुमच्याकडे किती वर्षं आहे?" मावशीने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिने तोंडावर रुमाल धरला.

"घाई नाही," अधिकारीबाई म्हणाल्या.

पंखा फिरत राहिला. काका खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, मला यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. यांनी पोरीला प्रेमाने वाढवलं. पण तुम्हीच बघा. शाळेत पालकांच्या बैठकीतही या गप्प बसतात. उद्या पोरीला कुणी त्रास दिला, ती कुठे अडली, तर तिच्या बाजूने तोंड कोण उघडणार?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सौम्यपणे बोलले, आणि त्यातलं निम्मं खरं होतं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ताईचं मनगट अजून तिच्या हातात होतं. ताईने तिच्याकडे पाहिलं. मी ती नजर ओळखते. काडीवर सुरी टेकवण्याआधी ती झाडाकडे तशी पाहते. मग मावशीची बोटं सुटली.

"तिचं तोंड आज माझ्यामुळे बंद आहे," ताई म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. खेळ, बाग, दोन वेल, पाट्या. दोन्ही कुंड्या टेबलावर ठेवून दाखवल्या. काकूंना हसू आवरेना. "जादूची झाडं? या वयात?"

"पाट्या कुणी बदलल्या?" अधिकारीबाईंनी विचारलं.

दारातून भावजी म्हणाला, "चोराने. म्हणजे मी. मी चोर आहे."

शिपाई लगेच सावध उभा राहिला.

"खेळातला," मी घाईने म्हटलं.

"त्यांनी बदलल्या, पण मला विचारून," ताई म्हणाली. "आणि परत जागेवर लावायला हव्या होत्या मी. खेळ बिघडेल म्हणून नाही लावल्या. हिने वाचलं त्यावर विश्वास ठेवला. चूक वाचणारीची नाही."

काका म्हणाले, "म्हणजे पोरगी दर शनिवारी असल्या झाडांमध्ये बसते?"

ताईने टेबलावरच्या कुंड्या स्वतःकडे ओढल्या. मला वाटलं, संपलं. आम्हीच आमच्या तोंडाने संपवलं.

अधिकारीबाईंनी उठून मावशीच्या तोंडात पाहिलं. "आधी यांना डॉक्टरकडे न्या. आत्ता." मग त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "ही शेड मला बघायची आहे. येत्या शनिवारी. दोन्ही बाजूंनी तिथेच यावं. मुलीलाही आणा."

डॉक्टरांनी औषध दिलं, बराच वेळ बसवून ठेवलं आणि मग घरी सोडलं. त्या आठवड्यात बसस्थानकावर कुण्या पुरुषाचा घोगरा आवाज ऐकू येत होता आणि लोक चुकीच्या फलाटावर उभे राहत होते. मावशीच्या जिभेची सूज हळूहळू उतरली. ताई रोज तिच्याकडे जायची, दारातच उभी राहायची. आत ये म्हटलं तरी चपला काढायला तिला वेळ लागायचा.

भावजीचं म्हणणं, बाकावरच्या सगळ्या कुंड्या उचलून मागे टाकाव्यात. "रिकामी शेड दाखवू. माती, फावडी, बादल्या. त्यात काय सापडणार आहे?" ताईने कुंड्या हलवायला सुरुवातही केली. त्याच वेळी मावशी तिथे पोचली आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "ठेव त्या जागेवर. लपवलंस तर खरंच काहीतरी वाईट होतं असं होईल." आजारातून उठल्यावर तिचं पहिलं लांब वाक्य ते.

मग ताई शेडमध्ये एकटीच बसली. पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर खिळ्याने झाडाचं खरं नाव कोरलं आणि तारेने देठाशी बांधून पकडीने पीळ दिला, हाताने सुटणार नाही असा. तोंडात घालायचं नाही अशा झाडांच्या पट्टीवर लाल रंगाचा ठिपका. जादूच्या नावांच्या लाकडी पाट्या तशाच कुंड्यांत राहिल्या. ती हे करत असताना मी समोर बसले होते. एकदाच तिने तोंड उघडलं. "बाई, तिची पोर गेली तर मी या हाताने पुन्हा कलम बांधू शकणार नाही." मी पुढची पट्टी तिच्या हातात दिली. त्यावर खोटं बोलायचं माझ्या अंगात नव्हतं.

शनिवारी अधिकारीबाई आल्या. काका-काकू आधीच येऊन दाराशी उभे होते, आत यायला तयार नसल्यासारखे. अधिकारीबाई बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, एकेक पट्टी वाचत, एकेक तार ओढून बघत. मौनवेलीपाशी थांबल्या. मग बटणला विचारलं, "यातलं तुझं आवडतं कुठलं?"

"परतफूल. गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसतं. पण ते खेळातलं. खरं ते साधं फूलझाड आहे, पट्टीवर लिहिलंय बघा. लाल ठिपका म्हणजे तोंडात घालायचं नाही. मावशीने घातलं."

"मग काय झालं?"

"मग ती बोलेना. मग मीच सगळ्यांशी बोलले. दूधवाल्याशी पण. तो फार बोलतो."

काकूंच्या ओठांचा कोपरा हलला. अधिकारीबाई एका रिकाम्या खोक्यावर, बाकाच्या पलीकडे मावशीच्या समोर बसल्या. "आता तुम्ही बोला. तुम्हाला काय सांगायचं आहे?"

मावशीचा हात गळ्याशी गेला. जीभ बरी होती. आता अडवत होतं ते जुनंच. मी पाहिलं, काकांनीही मान खाली घातली. तिला असं बघणं त्यांनाही जड जात असावं. शेडच्या पत्र्यावर कुठेतरी पक्षी चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. अधिकारीबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

तेव्हा ताई सूत्रधाराच्या जागेवरून, शनिवारच्या तिच्या त्या सावकाश आवाजात म्हणाली, "बागेच्या फाटकावर एक पहारेकरीण बसली आहे. तिने वाट अडवली आहे. ती विचारते, ही पोर तुझी कोण?"

सरकारी कामात खेळ. अधिकारीबाईंनी ताईकडे रोखून पाहिलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर सगळं तिथेच मोडलं असतं. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि हात मांडीवर ठेवले.

मावशीचा हात गळ्यावरून खाली आला.

"बहिणीची मुलगी आहे," ती म्हणाली. आवाज खरखरीत, पण शेडमधला. "पोट दुखलं तर ती सांगत नाही, कान धरून बसते. चिडली की वडिलांसारखी भुवई वर करते. ते तिला आठवत नाहीत, पण भुवईला आठवतात. तिच्या काकांकडे मोठं घर आहे, भाऊ आहेत. माझ्याकडे ते नाही. मी बैठकीत बोलत नाही, हे त्यांचं खरं आहे. मला लोकांची भीती वाटते. पण घरी आम्ही दोघी इतकं बोलतो की शेजारची म्हातारी भिंतीवर थापा मारते. तिला काकांपासून तोडायचं माझ्या मनात नाही. मी तिला त्यांचे फोटो दाखवते. पण झोपेतून दचकून उठली तर तिला माहीत असतं मी कुठल्या बाजूला आहे."

अधिकारीबाईंनी विचारलं, "पुन्हा कधी असं पान खाल?"

"नाही. भीती वाटली तर भीत भीतच बोलेन."

निर्णय काही आठवड्यांनी आला. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. बटण मावशीकडेच राहणार होती, सुट्ट्यांमध्ये काकांकडे. लाल ठिपक्याच्या कुंड्या जाळीच्या कपाटात ठेवायच्या, अशी अटही होती; ताईने ते कपाट आधीच करून घेतलं होतं.

पहिल्या सुट्टीला काका बटणला न्यायला वाटिकेतच आले. हात मागे बांधून बाकाजवळ उभे राहिले आणि पट्ट्या वाचत गेले. "ते परत येणाऱ्याचं फूल," त्यांनी अवघडून विचारलं, "त्याची एखादी फांदी लागते का कुंडीत?"

"लागते," ताई म्हणाली. आधी तिने पट्टी कोरली, मग पाटी लिहिली, आणि मग फांदी कापली.

बटण परत आल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. मागच्या वेळी आम्ही जिथे थांबलो होतो तिथे तलवारबाजाच्या हातात धीरपर्णीचं पान होतं, निदान तिला तसं वाटत होतं. ताईने घसा साफ केला. "ते पान मी रद्द करते. आपण पुढून सुरू करू."

"रद्द कसं?" मावशी म्हणाली. "चोराची चाल जमली होती ना? या बाकावर बोललेलं कुणी मागे घेत नाही. मी पान चावते. काय होतं ते सांग."

भावजी खाली बघत कुंडीतली माती उकरत होता.

"सांग गं."

"तुझा आवाज," ताई अगदी हळू म्हणाली, "वेलीत गेला."

मावशीने मान डोलावली आणि त्यानंतर चहापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. ती हातवारे करायची आणि बटण त्यांचा मुद्दाम चुकीचा अर्थ सांगायची. तलवारबाज राक्षसाला दूध विकायला निघाली आहे, असंही एकदा सांगून झालं. ताईच्या चेहऱ्यावरचा ताण काही सैल होत नव्हता. ती फासे टाकत होती, पण डोळे सारखे जाळीच्या कपाटाकडे.

मग पुढे काय होतंय ते सांगताना ती सवयीने म्हणाली, "दुपार झाली आहे. वारा पडला आहे."

मावशी उठली, जाळीच्या कपाटामागे जाऊन उभी राहिली, आणि तिथून, काचेमागून यावा तसा, गावभर ओळखीचा तो आवाज आला. "मौनवेलीकडून चोराला कळवण्यात येते की, त्याने सर्व पाट्या आपापल्या जागेवर ठेवाव्यात. सूत्रधार बाईंनी काळजी न करता चहा घ्यावा. चहा निवत आहे."

भावजी दोन्ही हात वर करून उभा राहिला. ताईने फासे खाली ठेवले, पदराने डोळे पुसले आणि चहाचा कप उचलला.